पेनड्राइव्हवरची तेरवी

इंद्रभान वानखड्यांनी लॅपटॉप उलटा केला, उभा केला, कानाशी धरून हलवूनही पाहिला. पण सीडी घालायची फट काही त्यांना सापडली नाही.

“पुष्पे, याच्यात सीडी कुठून घालतेत?” त्यांनी फोनवर विचारलं.

“बाबा, त्याले ते तोंडच नाही,” पुण्याहून त्यांची लेक पुष्पांजली म्हणाली. “लहान आहे ना तो. एखादा पेनड्राइव्ह घ्या. रिकामा पाह्यजे. त्याच्यावर रिकव्हरी बनवून ठेवा. उद्या लॅपटॉप बसलाच तं त्या पेनड्राइव्हवरून परत उभा करता येते.”

“परत म्हणजे, जसा होता तसा?”

“आला होता तसा. नवाकोरा. मधलं सगळं जाते.”

मधलं म्हणजे इंद्रभानांनी पत्त्यांच्या खेळात हरलेले डाव. ते गेले तर त्यांना हवंच होतं.

पिंपळगाव राजाच्या जवळच्या एका खेड्यात इंद्रभान राहायचे. सहकारी सोसायटीत सेक्रेटरी म्हणून त्यांचा जन्म गेला होता. कोकिळाबाई वारल्या तेव्हा बापाला करमावं म्हणून लेकीनं हा पाटीएवढा लॅपटॉप घेऊन दिला. आता तो इतका म्हातारा झाला होता, की बटण दाबून माणसानं आंघोळीला जावं आणि परत येऊन पाहावं तर याचं अजून गोल गोल फिरणं चालूच. बसण्याआधी त्याची सोय लावून ठेवणं गरजेचं होतं.

घरात पेनड्राइव्ह एकच होता, हिरवा. कोकिळाबाईंच्या फोटोच्या चौकटीला तो दोऱ्यानं बांधलेला असायचा, कारण त्यात त्यांची तेरवी होती.

अलीकडे या भागात तेरवीचंही, म्हणजे तेराव्याच्या जेवणाचंही, शूटिंग करतात. लग्नाला कोण आलं नाही हे माणूस विसरतो. तेरवीला कोण आलं नाही हे विसरत नाही, आणि भांडण निघालंच तर पुरावा जवळ असलेला बरा. रवी शूटिंगवाल्यानं सगळं नीट टिपलं होतं. मांडव, पंगत, वरण-बट्टी, वांग्याची भाजी, जिलेबीला नको नको म्हणत पुढे आलेली पानं. आणि अखेरीला वानखड्यांच्या घराण्यातली रीत: गाव जेवून उठलं की शेवटचं पान गेलेल्या माणसाचं. घरच्या कर्त्यानं ते आतल्या खोलीत वाढायचं, आणि तिथंच पाठ फिरवून बसायचं, म्हणजे जाणाऱ्याला लाजल्याशिवाय जेवता येतं. रवीनं लोटलेलं दार बराच वेळ दाखवलं होतं आणि मागून बासरी लावली होती.

पेनड्राइव्ह रिकामा हवा हे इंद्रभानांनी ऐकलं होतं. पण त्यांच्या हिशेबानं तेरवीच्या मागे पुष्कळ जागा उरली असणार. वहीत पुढच्या पानावर लिहावं, तशी रिकव्हरी तेरवीच्या मागून बसेल. त्यांनी दोरा सोडला आणि पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या कुशीत खोचला.

पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. या ड्राइव्हवर जे काही आहे ते सगळं पुसलं जाईल, अशा अर्थाचं होतं. इंद्रभानांना इंग्रजी येत होतं. पण सेक्रेटरी असताना वाचत बसले असते तर एकही ठराव पास झाला नसता. कागद पुढे आला की खाली सही करायची, हीच त्यांची कामाची पद्धत. खाली बटण होतं. त्यांनी ते दाबलं.

हिरवी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकायला लागली. उन्हाळ्याची दुपार होती, लाइट गेलेली, लॅपटॉप बॅटरीवर. इंद्रभान खुर्चीत बसल्या बसल्या पेंगले. जाग आली तेव्हा पट्टी भरली होती आणि रिकव्हरी तयार झाल्याचं पडद्यावर लिहून आलं होतं.

पेनड्राइव्ह परत बांधायला ते भिंतीपाशी गेले. भिंतीवर फोटो नव्हता. फोटोच काय, खिळाही नव्हता. आणि खिळ्याच्या जागी भोकही नव्हतं. इंद्रभानांनी तिथून बोट फिरवलं. चुना एकसारखा होता.

“इंद्रभान भाऊ,” भिंतीपलीकडून शेजारच्या विमलबाईंचा आवाज आला, “आमचं चाळण कोकिळाबाईपाशी राह्यलं. दळणाहून आल्या का, पाठवून द्या म्हणा.”

विमलबाईंना साखरेचा आजार होता. उन्हात माणूस काहीही बोलतो. तेवढ्यात फोन वाजला.

“झालं काय बाबा?” पुष्पांजलीनं विचारलं.

“झालं.”

“बरं झालं. आईले द्या जरा.”

इंद्रभानांच्या हातातला फोन गरम झाला होता. “कोणाले?”

“आईले. काऊन, घरी नाही काय?”

“पुष्पे,” इंद्रभान सावकाश म्हणाले, “हा लॅपटॉप तू मले काऊन घेऊन दिला होता?”

“असंच. आठवत नाही बा. द्या ना तिले.”

आणि मागे स्वयंपाकघरातून, भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज झाला, आणि मग आवाज आला:

“सांगा तिले, हात पिठाचे हाय. मंग बोलतो.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच इंद्रभान धम्मरत्न इंगळेच्या ओट्यावर जाऊन बसले. धम्मरत्न त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यानं ओट्यावरच कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान मांडलं होतं.

“हे पाह्य,” इंद्रभानांनी पेनड्राइव्ह पुढे केला. “याच्यातलं पुसल्या गेलं. काढून दे.”

“काय होतं?”

“कोकिळाची तेरवी.”

धम्मरत्ननं चष्मा वर केला. “तब्येत बरी हाय ना? आत्ता पाण्याले जाता जाता तिनं मले विचारलं, भाऊजी, गुडघा कसा हाय. अन् तू तिची तेरवी शोधून राह्यला.”

“तू जेवला होता बे तेरवीले. जिलेबी मागून घेतली होती.”

“मी जेवलो असतो तं मले आठवलं असतं. मी जेवण विसरतो काय?”

हे मात्र खरं होतं. कोण मेलं, कोण जगलं, याचा गावाला घोळ होऊ शकतो. पण खाल्लेली जिलेबी गाव विसरलं, म्हणजे ती खाल्लीच गेली नव्हती.

त्यांनी रवीला फोन लावला. “काका,” रवी म्हणाला, “तुमच्याकडं मी पुष्पाताईच्या लग्नाचं तेवढं शूटिंग केलं. तेरवी कोणाची झाली?”

धम्मरत्न तोवर आपल्या मशीनवर पेनड्राइव्ह तपासत होता. पुसलेलं वर काढायचं सॉफ्टवेअर त्याच्याकडे होतं. त्यानं लोकांचे लग्नाचे अल्बम बुडत्या मोबाइलमधून वर काढले होते. बराच वेळ त्यानं पडद्याकडे पाहिलं.

“कसं असते, पुसलं ना, तरी खाली खुणा राह्यतेत,” तो म्हणाला. “पाटी पुसली तरी खडूचा पांढुरका हात दिसते, तसं. याच्यात तुही रिकव्हरी हाय. तिच्याखाली काहीच नाही. पुसलेलंबी नाही. इथी कधी काही नव्हतंच.”

इंद्रभान उठले. खरं सांगायचं, तर जाताना जो पाय जड होता तो येताना जड नव्हता. एक सही न वाचता केली आणि बायको परत आली. आयुष्यभर केलेल्या सह्यांत इतक्या फायद्याची दुसरी नव्हती. उगाच कोणाला जागं कशाला करायचं?

घरी कोकिळाबाई दारात उभ्या होत्या. तीच पोपटी साडी, तेच डोक्यावर पदर ओढणं. “चहा ठेवू?” त्यांनी विचारलं.

“ठेव.”

चहा तसाच झाला, पुष्कळ आलं घातलेला. इंद्रभान दोन कप प्यायले. कोकिळाबाईंनी आपला कप तोंडाला लावला, खाली ठेवला. कप भरलेलाच होता.

*

पहिले काही दिवस इंद्रभान सुखात होते. बोलायला माणूस होतं, आणि जे बोलू ते चुकीचं आहे असं सांगणारं होतं. संसारात याहून जास्त काय लागतं? विमलबाईंचं चाळण परत गेलं. पुष्पांजली रोज आईशी बोलायची आणि बापाला फक्त बरे आहात ना विचारायची. सगळं पूर्वीसारखं झालं होतं.

फक्त कोकिळाबाई जेवत नव्हत्या.

ताट वाढून घ्यायच्या. भाकरीचा तुकडा मोडायच्या, पिठल्यात बुडवायच्या, तोंडापर्यंत न्यायच्या आणि परत ठेवायच्या.

“काऊन वं?”

“घास जात नाही.”

“भूक नाही काय?”

कोकिळाबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. “हाय ना. भल्ली भूक हाय,” त्या म्हणाल्या.

इंद्रभानांनी खीर करायला लावली, कुरडया तळायला लावल्या, स्टँडवरून भजी आणली. सगळं ताटात तसंच. उरलेलं गाईपुढे टाकलं तर गाय वास घेऊन मागे सरली.

मग भर दुपारी, जेवणाच्या वेळी, कोकिळाबाई गावातल्या दारांत उभ्या राहायला लागल्या. आज विमलबाईंच्या, उद्या धम्मरत्नच्या, परवा मारुतीजवळच्या घरी. काही मागायच्या नाहीत. बसा म्हटलं तर बसायच्या नाहीत. चौकटीला हात लावून, लोक जेवायचे ते पाहत राहायच्या.

“त्या दिवशी आल्या,” विमलबाई इंद्रभानांना सांगत होत्या, “मी म्हटलं, या ना बाई, दोन घास खा. नुसत्या उभ्या. अन् त्या गेल्या, तं पाह्यतो तं भाजीले चवच नाही. तिखट नाही, मीठ नाही. माती खाल्ल्यावाणी. लेकरायनं ताटं सारली. आता तुम्हाले सांगतो भाऊ, मी मीठ विसरणारी बाई हाय काय?”

“नाही,” इंद्रभान म्हणाले.

“तेच म्हणतो मी.”

ज्या घरी त्या उभ्या राहत, त्या घरचं त्या दिवसाचं अन्न मातीच्या चवीचं होई. गावानं त्याचं खापर आधी किराणा दुकानावर फोडलं, मग पाण्यावर, मग सरपंचावर. कोकिळाबाईंवर कोणी फोडलं नाही. त्या सगळ्यांच्या लाडक्या होत्या. पण त्या गल्लीत शिरताना दिसल्या की बायका ताटांवर ताटं झाकायच्या, आणि आपण असं का केलं हे त्यांचं त्यांनाच कळायचं नाही.

कोकिळाबाईंचे गाल बसत चालले होते. बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या. चूल पेटली की त्या धुराकडेच पाहत बसायच्या.

एका दुपारी इंद्रभान जेवून लवंडले होते. डोळा लागला होता. हातावर गार वारा लागतोय असं वाटून त्यांनी डोळे उघडले. कोकिळाबाई उशाशी बसल्या होत्या. त्यांनी इंद्रभानांचा उजवा हात दोन्ही हातांत धरला होता, आणि त्याला नाक लावलं होतं.

“काय करून राह्यली?”

“तुमच्या हाताले भाकरीचा वास येते,” त्या म्हणाल्या. आणि हात सोडला नाही.

इंद्रभानांनी तो हळूच काढून घेतला. उठून बसले. बाहेर ऊन चरचरत होतं, लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू होती, आणि त्यांच्या अंगावर हिवाळ्यातल्यासारखा काटा उभा होता.

“कोकिळे,” ते म्हणाले, “तुले माहीत हाय ना?”

“काय?”

“का तू...”

“हाव. माहीत हाय.” कोकिळाबाई पदराशी चाळा करत होत्या. “मले पान वाढलं होतं तुम्ही. मी जेवून राह्यली होती. मंग ते पान कोणं तरी समोरून काढून घेतलं. घास हातात होता माह्या.”

“मी नाही... म्हणजे, मीच. पण मुद्दाम नाही. लॅपटॉपची...”

“असू द्या. तुमचं असंच असते.” यात राग नव्हता, हेच वाईट होतं. “मी इथी हाय तं तुम्हाले बरं वाटते. मले दिसते ते. पण मले भूक लागते हो.”

“थांब ना थोडी. काहीतरी करू. डॉक्टरले दाखवू.”

“कोणाले?” कोकिळाबाईंनी विचारलं.

ते थांबले. लाज वाटत होती, तरी थांबले. सकाळी चहा मिळत होता. पेपर वाचून दाखवला तर ऐकायला कोणी होतं. उपाशी माणूस ठेवून घेणं याला काय म्हणतात हे त्यांना कळत होतं, आणि रोज ते स्वतःला सांगत होते की उद्या.

मग एके सकाळी कोकिळाबाईंना ओट्यावरून उठता येईना. इंद्रभानांनी त्यांना धरून उठवलं. हाताला लागलं ते वाळलेल्या पऱ्हाटीच्या काडीसारखं होतं. जोर लावला असता तर मोडलं असतं. त्यांनी धम्मरत्नला बोलावणं पाठवलं.

*

“हा पेनड्राइव्ह कोरा कर,” इंद्रभान म्हणाले.

“रिकव्हरी जाईन याच्यातली. आता तं तुहा लॅपटॉप अर्धा मेलेलाच हाय. बसला तं मंग उठणार नाही.”

“बसू दे.”

“मंग दुसरी रिकव्हरी बनवता येणार नाही, सांगून ठेवतो. नंतर म्हणशीन...”

“धम्म्या, कर बे.”

पडद्यावर तीच इंग्रजी ओळ आली. या वेळी इंद्रभानांनी चष्मा लावून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, बोट ठेवून वाचली. मग बटण दाबलं.

आता कोऱ्या पेनड्राइव्हवर भरायला तेरवी पुन्हा घालायची होती, पण त्या जेवणावळीची अडचण वेगळीच होती. जित्या बाईची तेरवी आहे, या म्हणून कोणाला सांगणार? त्यांनी विमलबाईंना सांगितलं, कोकिळाच्या नावानं गावजेवण करतो आहे. विमलबाईंनी वाढदिवस समजून घेतलं आणि दुपारपर्यंत गावालाही समजावून दिलं. आचाऱ्यानं मेनू ऐकला आणि पेन्सिल कानावर ठेवली.

“सेक्रेटरी साहेब, हा तं तेरवीचा मेनू झाला.”

“तिले आवडते.”

“बरं,” आचारी म्हणाला. “हौस.”

गाव जेवायला आलं. जेवायला ते कशालाही येतं. मांडवात खुर्चीवर कोकिळाबाई बसल्या होत्या, नव्या साडीत. साडी खुर्चीला नेसवल्यासारखी दिसत होती. बायका येऊन ओवाळत होत्या, शंभर वर्षं जगा म्हणत होत्या. आणि कोकिळाबाई त्यांच्या खांद्यांवरून पंगतीकडे पाहत होत्या. रवी शूटिंग करत होता. इंद्रभानांनी त्याला बजावलं होतं, सगळं घे, आणि आजच्या आज या हिरव्या पेनड्राइव्हवर भर.

“केक कापायचा शॉट कधी घेऊ काका?”

“केक नाही.”

“मंग शेवट कशावर करू?”

“मी दार लोटतो. त्याच्यावर कर.”

धम्मरत्न पंगतीत बसला होता. त्यानं जिलेबी मागून घेतली आणि खाता खाता थबकला. “इंद्रभान,” तो म्हणाला, “मले असं काऊन वाटून राह्यलं बे, का मी रडाले पाह्यजे?”

“जेव,” इंद्रभान म्हणाले. “थंड होते.”

शेवटची पंगत उठली. जाणारी माणसं हात धुऊन, पान खाऊन, आवाज उतरवून बोलायला लागली होती. खुर्चीकडे कोणी पाहत नव्हतं. खुर्चीसमोरून जाताना एका म्हातारीनं चप्पल काढली, आणि आपण का काढली म्हणून ती तिथंच उभी राहिली.

इंद्रभानांनी कोकिळाबाईंना हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. पाटावर बसवलं. पान मांडलं. बट्टी कुस्करून त्यावर वरण घातलं, तूप सोडलं, बाजूला वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा, जिलेबी. बाहेर रवी कॅमेरा रोखून उभा होता. इंद्रभानांनी दार लोटलं.

रीतीप्रमाणे आता पाठ फिरवायला हवी होती. ती त्यांनी फिरवली नाही. पातेलं घेऊन ते समोरच बसले.

कोकिळाबाईंनी पानाभोवती पाणी फिरवलं. पहिला घास उचलला, तोंडाशी नेला. घास गेला.

मग त्या जेवायला लागल्या. बोलल्या नाहीत, वर पाहिलं नाही. गालांत घास दिसत होता. बट्टी संपली, इंद्रभानांनी आणखी कुस्करली. वरण संपलं, वाढलं. भाजी संपली, वाढली.

“वरणात मीठ कमी हाय,” कोकिळाबाई म्हणाल्या.

“गाव जेवलं, कोणी बोललं नाही.”

“लोकं कशाले बोलतीन. लोकायले फुकट.”

“घे, अजून एक बट्टी.”

“घाला.”

त्यांनी घातली. त्यांच्या लक्षात आलं होतं, की वाढत आहोत तोवर ती बसलेली आहे. जेवत्या माणसाला उठता येत नाही. पातेल्यात अजून पुष्कळ होतं. बाहेर याहून मोठं पातेलं होतं. खोलीतला उजेड कमी होत होता, आणि नव्या पदराच्या काठातून मागची भिंत थोडी थोडी दिसायला लागली होती. इंद्रभान वाढत राहिले. भरभर वाढत राहिले. वरण पानाबाहेर गेलं, तूप पाटावर सांडलं.

“अहो,” कोकिळाबाई म्हणाल्या.

“जिलेबी घे ना. जिलेबी नाही घेतली तू.”

“घेतली मी.”

“मंग भात लावतो. ताजा लावतो, वेळ नाही लागत.”

कोकिळाबाईंनी उष्टा हात बाजूला धरला आणि डावा हात पानावर आडवा केला, पोट भरलेली माणसं करतात तसा.

“पुरे,” त्या म्हणाल्या.

इंद्रभान हातातला डाव तसाच धरून बसले. वरणाचा एक थेंब डावाच्या टोकाशी जमला, लोंबला, आणि त्या आडव्या हातातून आरपार जाऊन पानावर पडला.